मागे काय होतं?

गेल्या वर्षी उन्हाळ्यात आमच्याकडची खण बुजवली. कबनूरच्या बाहेर, जिथे मागांची शेडं संपतात आणि ऊस सुरू होतो, तिथे जुन्या काळी मुरूम काढून पडलेला एक मोठा खड्डा होता. पावसाचं आणि शेतांतून निथळलेलं पाणी त्यात बारमाही साचायचं. गावात त्याला नाव नव्हतं, नुसतं 'खणीकडं' म्हणायचे. मी पुण्यात नोकरी करतो. घरून काम सुरू झालं त्या वर्षात गावी राहिलो, पहिल्या बोनसमधून १५०-६०० ची लेन्स घेतली आणि त्या खणीच्या काठावर चार हिवाळे काढले.

खणीत डंपर यायला लागले तेव्हा गावातली दोन-तीन पोरं घरी आली. म्हणाली, अर्ज करू या, तू एवढे पक्ष्यांचे फोटो काढलेत, ते जोडू. मी हार्ड डिस्क उघडली. साडेचार हजारांच्या वर फोटो. शेकाट्या, तुतवार, वंचक, खंड्या, धोबी, पाणकावळा. एकेकाच्या डोळ्यातला प्रकाशाचा ठिपका मोजून घ्या. अर्ज बघणाऱ्या माणसाने पाच मिनिटं चाळले आणि अगदी सरळ प्रश्न विचारला, "हे त्याच जागेवरचे कशावरून?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. एकाही फोटोत खण नव्हती. सगळ्या पक्ष्यांच्या मागे एकच होतं: मऊ, पुसट, साय धरलेल्या दुधासारखी हिरवळ. ते कबनूर असेल, भिगवण असेल किंवा स्पेन असेल. कॅमेऱ्यात जीपीएस नव्हता. तारखा होत्या, जागा नव्हती. कारण जागा मीच काढून टाकली होती, मेहनतीने, पैसे घालून.

तेव्हापासून पक्ष्यांचे फोटो बघताना मी टीकाकारासारखा बघायला लागलो आहे. हा लेख त्याबद्दल आहे. माणूस कथा-कवितेवर समीक्षा लिहितो, सिनेमावर लिहितो, मग रोज सकाळी मोबाईलवर शेकड्याने येणाऱ्या या प्रकारावर कुणी का लिहू नये? पक्ष्याचा फोटो हाही एक साहित्यप्रकार आहे. त्याचे संकेत आहेत, त्याची वृत्तं आहेत, आणि कुठल्याही घट्ट झालेल्या प्रकारासारखी त्याची लबाडीही आहे.

संकेत सांगतो, म्हणजे ज्यांनी कधी पक्ष्यांच्या ग्रुपमध्ये फोटो टाकलेला नाही त्यांनाही कळेल. पक्षी डोळ्याच्या पातळीवर हवा. त्यासाठी चिखलात पालथं पडावं लागतं. डोळा टोकदार हवा, त्यात चमक हवी. फांदी एकच, शक्यतो वाळलेली, शेवाळ असेल तर उत्तम. पार्श्वभूमी 'क्लीन' हवी. क्लीन म्हणजे काहीच नको. घर नको, खांब नको, प्लॅस्टिक तर नकोच नको. आणि तार नको. विजेच्या तारेवर बसलेल्या पक्ष्याचा फोटो टाकला की खाली कुणीतरी हमखास लिहितं, 'छान, पण पर्च चांगला असता तर...'

आता चास पक्षी घ्या, ज्याला आपण नीळपंख म्हणतो आणि दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात. तो बसतोच तारेवर. मोकळ्या रानात उंच जागेवर बसून खालचे किडे हेरायचे आणि झेप घ्यायची ही त्याची शिकारीची रीत. आपल्या रानांत झाडं कमी आणि तारा जास्त झाल्या, म्हणून तार हीच त्याची फांदी. पण चासाचे गाजलेले फोटो पाहा. सुकलेली सुंदर फांदी, मागे सोनेरी धुरळा. मी स्वतः एका फोटोतली तार सॉफ्टवेअरने पुसली होती. पुसून झाल्यावर चास हवेत बसल्यासारखा दिसायला लागला, म्हणून मग त्याच्या पायाखाली दुसऱ्या फोटोतली फांदी आणून ठेवली. सव्वाचारशे लाईक आले. २०२३ मध्ये भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो मोठा अहवाल आला, त्यात चासाची संख्या घटते आहे आणि त्याच्या धोक्याच्या पातळीचा फेरविचार व्हावा असं म्हटलं आहे. त्या अहवालामागे तीस हजारांहून जास्त पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदी आहेत आणि त्यात ९४२ प्रजातींचा विचार केला आहे. माझा सव्वाचारशे लाईकवाला चास त्यात काहीही भर घालू शकत नाही. तो कुठल्याच तारेवर बसलेला नाही.

यावर कुणी म्हणेल, अरे, फोटो म्हणजे पुरावा नव्हे, कला आहे. मान्य. मग कला म्हणूनच बघू. पुसट पार्श्वभूमीमुळे पक्षी उठून दिसतो हे खरं. पण उठून दिसणं म्हणजे नेमकं काय? पक्ष्याचा सगळा देह मागच्या रानात मिसळून जाण्यासाठी घडलेला असतो. तित्तिराच्या पाठीवरची नक्षी ही गवताची नक्षी आहे. चंडोलाचा रंग ढेकळाचा आहे. ढेकूळ पुसलं की चंडोलाचा रंग निरर्थक होतो, उरतो एक मळकट पक्षी. म्हणून तर चंडोलाच्या फोटोला लाईक मिळत नाहीत. दोष चंडोलाचा नाही, कवितेचा अर्धा भाग खोडून उरलेला अर्धा भाग फिका वाटतो म्हणण्यासारखं आहे ते.

दुसरी गोष्ट, हल्लीची. अंधारात काढलेल्या फोटोतला दाणेदारपणा काढणारी एआयवाली सॉफ्टवेअर आली आहेत. मी याच क्षेत्राच्या जवळपास काम करतो, म्हणून सांगतो, ती सॉफ्टवेअर काही लपलेलं शोधून काढत नाहीत. जिथे माहिती नाही तिथे 'असावं' असं जे वाटतं ते भरतात. पिसांच्या लाखो फोटोंवर शिकलेलं मॉडेल तुमच्या धूसर तपकिरी ठिपक्यावर पिसं काढून देतं. दिसायला झकास. पण ओळख पटवायची वेळ येते तेव्हा आपण ज्या रेघेवर बोट ठेवतो ती रेघ पक्ष्याच्या अंगावर होती की मॉडेलच्या डोक्यात, हे कसं सांगणार? तुतवारांच्या बाबतीत सगळा खेळ त्या रेघांचाच असतो. भुवईसारखी पांढरी रेघ डोळ्याच्या मागेपर्यंत गेली आणि पाठीवर ठिपके असले तर ठिपकेवाली तुतवार. ती डोळ्याच्या पुढेच संपली, पाठ गडद असली आणि उडताना कमरेवर पांढरा चौकोन चमकला तर हिरवी तुतवार. छातीच्या कडेने पांढरी पाचर खांद्याकडे वर चढलेली दिसली तर साधी तुतवार. दोन मिलिमीटरचा मामला असतो.

साध्या तुतवारीवरून आठवलं. आमच्या आज्ज्याला मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर तिचा फोटो दाखवला होता. अप्रतिम फोटो होता, आजही म्हणेन. त्याने डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाला, "कोण ह्यो? वळखंना." मी व्हिडिओ दाखवला. दोन सेकंदात म्हणाला, "आरं, ह्यो तर ढुंगान हलिवनारा! खणीवर असतोय की थंडीत. तसल्या फोटूत कसा घावायचा, हालतोय कुठं त्यो?"

आज्ज्याने एका वाक्यात जे सांगितलं ते पक्षी ओळखण्याच्या शास्त्रात नंतर वाचायला मिळालं. साध्या तुतवारीची सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे ती उभ्या उभ्या शेपटीकडचा भाग सतत वरखाली करते. ती खूण फोटोत येतच नाही. एक भाग दोन हजार सेकंदाच्या शटरने आपण नेमकं तेच मारून टाकतो.

आता ॲपकडे येतो. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं मर्लिन आता बऱ्याच जणांच्या मोबाईलवर आहे. फोटो द्या, नाव सांगतं. २०२१ पासून आवाजावरूनही सांगायला लागलं. आवाज ओळखतं म्हणजे प्रत्यक्षात आवाजाचं चित्र काढतं, वेळ आडवी, वारंवारता उभी, आणि मग त्या चित्रावरून ओळखतं. म्हणजे तिथेही शेवटी फोटोच. आमच्या घराच्या गच्चीवर ते फारसं चालत नाही, कारण माग सुरू असले की त्या चित्रात खालपासून वरपर्यंत नुसती खटखट भरलेली असते. माग बंद असताना दयाळ, शिंपी, बुलबुल बरोबर पकडतं.

जुने पक्षीमित्र या ॲपवर नाक मुरडतात, पोरं आळशी झाली म्हणतात. मला तो राग थोडा चुकीच्या जागी आहे असं वाटतं. कारण हे ॲप मुळात काय विचारतं ते बघा. फोटो देताना ते म्हणतं, हा कुठे काढला? कधी काढला? ही औपचारिकता नाही. चित्र कोणाशी किती जुळतं हा एक हिशेब, आणि या जागी या आठवड्यात तो पक्षी दिसण्याची शक्यता किती हा दुसरा हिशेब. दोन्ही मिळून उत्तर येतं. दुसरा हिशेब आला कुठून? जगभरातल्या हजारो लोकांनी ई-बर्डवर टाकलेल्या याद्यांमधून. त्या याद्यांत बहुतेकदा फोटो नसतोच. जागा, तारीख, वेळ आणि आकडे. चिमण्या १२, साळुंक्या ८, कावळे ६.

मी एक उद्योग करून पाहिला. खणीवरच्या साध्या तुतवारीचा तोच फोटो दोनदा दिला. एकदा जागा कबनूर आणि एकदा जागा अमेरिकेतलं एक शहर. पहिल्यांदा बरोबर उत्तर आलं. दुसऱ्यांदा अमेरिकेतली ठिपकेदार तुतवार वर आली. ही दोन्ही भावंडं हिवाळ्यात जवळजवळ सारखी दिसतात, उन्हाळ्यात अमेरिकेतलीच्या छातीवर ठिपके येतात तेवढंच. फोटोतला पक्षी तोच, पिसं तीच, आणि नाव बदललं. मला हसू आलं आणि मग जरा ओशाळल्यासारखं झालं. ज्या जागेला मी फोटोतून हाकललं होतं, तिच्याशिवाय यंत्राचंही पान हलत नाही.

म्हणून माझी तक्रार ॲपबद्दल नाही, ते जिथे थांबतं त्याबद्दल आहे. नाव आलं, हिरवी खूण उमटली, झालं. पक्षी संपला. पुढचा. आमच्या पिढीचा (मी २८ वर्षांचा आहे, स्वतःला बाहेर काढत नाही) पक्ष्यांशी संबंध अनेकदा त्या खुणेपाशी संपतो. मीसुद्धा पहिले दोन हिवाळे नुसती यादी वाढवत होतो. १०० झाले की पार्टी, असं ठरलं होतं.

याच्या उलट टोकाला एक पुस्तक आहे. सलीम अलींचं 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स', १९४१ साली पहिल्यांदा आलं. मी ते फार उशिरा, मर्लिननंतर वाचलं, त्यामुळे माझ्या वाचनात भक्तीचा भाग कमी आहे. काही गोष्टी आज जुन्या वाटतात. नावं बदलली, वर्गीकरण बदललं. इंग्रजी साहेबी वळणाची आहे आणि नेमक्या क्षणी मिश्कील होते. पण एक गोष्ट वाचून मी थांबलो. पक्ष्याचा आकार सांगताना आधी सेंटिमीटर नाहीत. चिमणी, बुलबुल, साळुंकी, कावळा, घार, गावठी कोंबडी, बदक अशी मापं आहेत, आणि त्यांच्या पुढे अधिक किंवा उणे. साळुंकी अधिक म्हणजे साळुंकीपेक्षा थोडा मोठा. चिमणी उणे म्हणजे चिमणीहून लहान.

सॉफ्टवेअरवाल्याच्या नजरेतून सांगतो, हा इंटरफेस म्हणून कमाल आहे. वापरणाऱ्याकडे दुर्बीण नसेल, कॅमेरा नसेल, पण त्याने साळुंकी पाहिलेली असणारच. त्याच्या अंगणातच मोजपट्टी आहे. आणि हे माप वापरण्यासाठी आधी अंगणातले पक्षी नीट बघितलेले असावे लागतात. दुर्मीळ पक्ष्याचा रस्ता कावळ्यावरून जातो. आमच्या फोटोंच्या ग्रुपमध्ये कावळ्याचा फोटो टाकून पाहा एकदा.

त्या पुस्तकात प्रत्येक पक्ष्याच्या खुणांनंतर तो कुठे राहतो, काय करतो, घरटं कुठे आणि कशाचं करतो हे येतं. म्हणजे चित्राने जी पार्श्वभूमी सोडली ती मजकूर भरून काढतो. पक्षी ओळखण्याच्या पुस्तकांतली चित्रंसुद्धा, खासकरून नंतरच्या जाडजूड मार्गदर्शकांतली, पांढऱ्या कागदावर तरंगतात, हे कबूल केलं पाहिजे. अमेरिकेत रॉजर टोरी पीटरसनने १९३४ साली जे पुस्तक काढलं त्यात पक्ष्यांची साधी केलेली चित्रं आणि नेमक्या खुणेकडे बोट दाखवणाऱ्या रेषा होत्या. तिथून हा प्रकार रूढ झाला. तुलना करायची तर पार्श्वभूमी काढावीच लागते. पण पुस्तकाला ठाऊक असतं की त्याने काय काढलं आहे, म्हणून ते शब्दांत परत देतं. फोटो टाकणारे आम्ही ते परत देत नाही. खाली लिहितो, 'निसर्गाची किमया' आणि कॅमेऱ्याचं सेटिंग.

सलीम अलींची चिमणीची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. लहानपणी छर्‍याच्या बंदुकीने पाडलेली, गळ्यावर पिवळा डाग असलेली चिमणी, ती घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत जाणं, मिलार्ड साहेबांनी ती ओळखणं आणि मग कपाटं उघडून भरलेले पक्षी दाखवणं. ही गोष्ट नेहमी प्रेरणा म्हणून सांगितली जाते. मला त्यातली कपाटं महत्त्वाची वाटतात. त्या कपाटांतल्या प्रत्येक पक्ष्याच्या पायाला एक चिठ्ठी बांधलेली असते. जागा, तारीख, कुणी मिळवला. चिठ्ठी नसेल तर तो नुसता कापूस भरलेला पक्षी.

आणि चिठ्ठी खोटी असेल तर? याचं उत्तर महाराष्ट्रातच घडलं आहे, आणि कुठल्याही थ्रिलरपेक्षा सरस आहे.

रानपिंगळा नावाचं एक लहान घुबड. १८७२ साली आत्ताच्या छत्तीसगडमध्ये ब्लेविट नावाच्या माणसाला मिळालं, पुढच्या वर्षी ह्यूमने त्याचं वर्णन छापलं. नंतर खानदेशात जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने काही नमुने मिळवले. १८८४ नंतर हा पक्षी कुणाला खात्रीने दिसलाच नाही, एक अपवाद सोडून. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन या नामांकित ब्रिटिश पक्षीतज्ज्ञाच्या संग्रहात एक रानपिंगळा होता. चिठ्ठीवर लिहिलेलं: मांडवी, गुजरात, १९१४. (हा तोच कर्नल, ज्याच्याबरोबर सलीम अली १९३७ साली अफगाणिस्तानात पक्ष्यांच्या मोहिमेवर गेले होते. त्याने डायरीत अलींबद्दल जे वाईट लिहिलं होतं ते अलींनी पुढे स्वतःच्या आत्मचरित्रात छापून टाकलं.)

नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतले हे नमुने तपासायला घेतले. मांडवीचा पक्षी क्ष-किरणांखाली पाहिला, आतलं भरण पाहिलं, शिवण पाहिली. पक्षी भरायची प्रत्येकाची हातोटी वेगळी असते, शिंप्याच्या टाक्यासारखी. आत डेव्हिडसनचा हात दिसत होता. म्हणजे कर्नलने संग्रहालयातला डेव्हिडसनचा जुना पक्षी चोरला, पुन्हा भरला आणि नवी चिठ्ठी बांधली. पक्षी खरा, चिठ्ठी खोटी.

मग मांडवी वगळली आणि जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या जागा उरल्या. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट आधी पूर्वेकडच्या जागी गेले, तिथे काही मिळालं नाही. मग खानदेशात आले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, उघड्याबोडख्या झाडावर भर उन्हात तो बसलेला दिसला. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं, नंदुरबार जिल्हा पुढच्या वर्षी झाला. ११३ वर्षं. त्यांनी त्याचे फोटो घेतले, चित्रण केलं. आपल्या नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके असतात, याच्या डोक्यावर जवळजवळ नाहीत. शेपटीवर रुंद पट्टे, पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले आणि दणकट. दिवसा शिकार करतो.

मी ही हकिकत पहिल्यांदा वाचली तेव्हा मला ती चोर पकडल्याची गोष्ट वाटली होती. खण बुजल्यावर पुन्हा वाचली. कर्नलने पक्ष्यात काहीच बदल केला नव्हता. त्याने फक्त मागची जागा बदलली. माझ्या चासाच्या पायाखाली आणून ठेवलेली फांदी आठवली.

तुलना ओढूनताणून आहे का? थोडी आहे. त्याने शास्त्राला फसवलं, मी इन्स्टाग्रामला. पण दोघांनाही एकच गोष्ट बिनमहत्त्वाची वाटली.

मराठी नावांबद्दल थोडं बोलायला हवं, कारण इथे मला आपल्या भाषेचा अभिमान वाटतो आणि चीडही येते. जुनी नावं पाहा. खाटीक: हा पक्षी मारलेले किडे, पाली काट्यांना टोचून ठेवतो, खाटकाच्या दुकानात मांस टांगतात तसं. धोबी किंवा परीट: पाण्याच्या काठाला, धुण्याच्या दगडापाशी शेपूट आपटत फिरणारा. शेकाट्या: काटक्यांच्या पायाचा. गायबगळा: गाईच्या पायांत किडे वेचणारा. पावशा: पेरणीच्या तोंडावर ओरडणारा, ज्याच्या ओरडण्यात शेतकऱ्याला 'पेरते व्हा' ऐकू येतं. ही नावं म्हणजे पार्श्वभूमीसकट काढलेले फोटो आहेत. त्यात काटा आहे, घाट आहे, गाय आहे, मृगाचं आभाळ आहे.

आणि नवी नावं? प्रमाण यादी हवी म्हणून इंग्रजीवरून केलेली. अमुककंठी, तमुकपुच्छ, श्वेतभुवई. यादी हवीच, नाहीतर एका गावचा होला दुसऱ्या गावात कवडा होतो आणि नोंदी जुळत नाहीत. ते काम ज्यांनी केलं त्यांच्याबद्दल आदर आहे. पण ही नावं क्रॉप केलेली आहेत. गळ्याचा रंग आहे, रान नाही. या बाबतीत मारुती चितमपल्लींचं उदाहरण मोठं गमतीचं आहे. त्यांची भाषा संस्कृताकडे झुकणारी, कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार', बगळ्यांच्या वसाहतीला 'सारंगागार' असे शब्द त्यांनी मराठीत रुजवले. कबनूरमध्ये कुणी 'सारंगागार' म्हणणार नाही, हसतील. तरी मला हे शब्द आवडतात, कारण ते पक्ष्याची नव्हे, पक्ष्याच्या जागेची नावं आहेत. चितमपल्लींच्या लेखनातही पक्षी एकटा येत नाही. त्याच्या मागे झाड असतं, झाडाखाली माणूस असतो, तो माणूस काहीतरी सांगत असतो. त्यांच्या एका पुस्तकाचं नाव 'पक्षी जाय दिगंतरा', जनाबाईच्या अभंगातलं. त्यांच्या पानांवर काही वेळा माहिती आणि आख्यायिका यांची सीमा पुसट होते, आणि नोंद म्हणून वाचायला गेलं तर अडचण होते. पण त्यांची पुसट होणारी गोष्ट माझ्या फोटोंत पुसट होणाऱ्या गोष्टीच्या नेमकी उलट आहे.

बाकी घरट्यांजवळ जाऊन काढलेले फोटो, मोबाईलवर आवाज वाजवून बोलावलेले पक्षी, यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि बहुतेक बरोबर लिहिलं गेलं आहे. मी ते पुन्हा सांगत बसत नाही. एवढंच म्हणतो की मागचं काही दिसू नये हा आग्रह आणि मागचं काही कळू नये ही सोय, या दोन्ही शेजारी शेजारी राहतात. घरट्यापासून किती अंतरावर उभा होतास, हे क्लीन बॅकग्राउंडवाला फोटो कधीच सांगत नाही.

अर्जाचं काय झालं ते राहिलं. माझे साडेचार हजार फोटो बाजूला पडले. मग चुलतभावाने त्याच्या मोबाईलमधून एक फोटो काढून दिला, दोन वर्षांपूर्वीच्या बेंदराचा. बैल धुवायला खणीवर नेले होते तेव्हाचा. फोटो वाकडा आहे. डावीकडे भावाचा अर्धा चेहरा, मधे शिंगं रंगवायच्या आधीचा बैल, पाण्यात गुडघाभर उतरलेली दोन पोरं, पलीकडे ऊस, त्याच्यामागे मागाच्या शेडचे पत्रे आणि त्यावर रंगवलेलं नाव वाचता येतं. पाण्याच्या कडेला नारिंगी डोक्याचे पाच गायबगळे, विणीच्या रंगातले, आणि उजव्या कोपऱ्यात दोन शेकाटे, झूम केलं तर लाल काटक्यांवर दोन काळे-पांढरे ठिपके. मोबाईलने जागा आणि वेळ आपोआप नोंदवलेली.

तो फोटो अर्जाला जोडला. अर्ज करेपर्यंत निम्मी खण भरली होती, निकाल लागेपर्यंत पूर्ण भरली. आता तिथे सपाट मुरूम आहे आणि प्लॉटच्या खुणांचे दगड. टिटवीची एक जोडी या उन्हाळ्यात तिथेच मुरमावर बसली होती. टिटवीला असली जागा चालते.

भावाचा तो फोटो मी ई-बर्डवर जुन्या तारखेची यादी करून टाकला. गायबगळे ५, शेकाटे २. फोटोला तिथे तारे देता येतात. एक तारा मिळाला आहे, आणि गुणवत्तेच्या हिशेबाने तो बरोबरच आहे.

या फेब्रुवारीत अंगणातले पक्षी मोजायचे चार दिवस आले तेव्हा मी गच्चीवर पंधरा-पंधरा मिनिटं बसलो. कॅमेरा घेतला होता. प्रत्येक यादीच्या सुरुवातीला एक फोटो मोबाईलने काढायचा, पक्षी नसला तरी चालेल, असं ठरवलं. टाक्या, तारा, पत्रे, लांबवर आळत्याचा डोंगर. आज्ज्याला ते फोटो दाखवले. तो पक्षी शोधत नाही. म्हणतो, "हितं कडंला लिंब हुता बग, तुझा बा ल्हान हुता तवा. त्येच्यावर सुगरणीची घरटी आसायची." मग बोट पडद्यावर ठेवतो आणि चुकून झूम होतं, तेव्हा वैतागतो. "मागं घे की रं. मागं घे. सगळं दिसू दे."